आठवं कार्ड

नाचता येईना, अंगण वाकडं,
हे आमच्याकडे हसण्यावारी नेत नाहीत.
मोरे फर्थच्या काठावर, पोर्ट केल्लनला,
अंगण किती वाकडं आहे ते मोजायला
खरोखरच माणसं येतात.
चौघंजण, दर काही वर्षांनी, मेणकापडी कोट घालून.
टेप लावतात, चाक फिरवतात,
बंकरमध्ये उतरून बघतात
काठ कमरेला लागतो की खांद्याला,
गॉर्सची काटेरी जाळी किती पावलांवर सुरू होते,
चेंडू हिरवळीवर थांबतो की घरंगळतो.
आणि जागोजागी दोन माणसं उभी करतात मनातल्या मनात:
एक, ज्याचं सहसा चुकत नाही,
आणि एक तुमच्याआमच्यातला.
वाट बिकट झाली की पहिल्याला दोन फटके जास्त लागतात,
दुसऱ्याला सात-आठ.
ह्या दोघांमधलं अंतर जितकं फाकत जातं
त्याला म्हणायचं स्लोप.
जमिनीच्या चढउताराशी त्याचं नातं लांबचं.

मध्यम मैदान एकशे तेराचं.
आमचं एकशे अडतीस.
हे सांगताना आवाजात जरा गर्व येतो,
लोक आपल्या दुखण्याबद्दल बोलतात तसा.

एल्गिनच्या पलीकडे झाडांच्या आडोशाला
स्ट्रूअन मॅकफेलचं मैदान, एकशे चारचं. बागच ती.
तिथे तो अठ्ठ्याऐंशी फटक्यांत घरी येतो,
आमची एफी रेनी इथे अठ्ठ्याण्णवात,
आणि गणित मांडलं की
दोघंही एकवीस पूर्णांक चार.
मापात पाप नाही, पण स्ट्रूअनला हे पटायला
तीन वर्षं लागली.
त्याच्या घरी वीस फटक्यांची सूट, आमच्याकडे सव्वीस.
वरचे सहा त्याने पहिल्या खेपेला नाकारले.
पाचव्या होलनंतर परत मागितले.

आता वारा.
रोजचा वारा आकड्यात धरलेला असतो.
सप्टेंबरातल्या त्या शनिवारचा नव्हता धरलेला.
झेंडे आडवे. तिसऱ्या होलवर एफीचा चेंडू
टीवरून आपणहून खाली उतरला
आणि थोडा चाललासुद्धा.
त्याचीही तरतूद आहे नियमात:
एकूण सगळ्यांचंच गणित बिघडलं
तर मध्यरात्री यंत्र कबूल करतं
की दिवसच वाईट होता.
फक्त कार्डं किमान आठ हवीत.
सात जणांचे हाल हे नुसतेच हाल.

मी इथली चिटणीस.
चार वाजता माझ्या टेबलावर सात कार्डं,
पापडासारखी वाळत घातलेली.
बाकीचे नवव्यावरूनच परतलेले, सूप पीत बसलेले,
नजर चुकवत.
बाहेर एकटा इनेस गेडिस,
वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा धातूचा,
आणि त्याच्याबरोबर साक्षीला
हिरवळ राखणाऱ्याची मुलगी, पेन्सिल दातांत धरून.

अठरावा होल खिडकीतून दिसतो.
स्ट्रूअनने काच दोनदा पुसली.
वाफ आतल्या बाजूने होती, तो बाहेरच्याला दोष देत होता.

इनेस आला. कार्ड टोपीच्या आत ठेवलं होतं.
एकशे एकोणीस.
चौदाव्याला फाडणारच होतो, म्हणाला.
मुलगी म्हणाली,
मग मी कशाला भिजले?

मध्यरात्री यंत्राने तीन फटके मान्य केले.
त्याहून जास्त ते कधीच देत नाही.
एफीला तीन, स्ट्रूअनला तीन,
इनेसलाही तीनच.

सकाळी फोन करून सांगितलं त्याला.
तीन तर सोळाव्याच्या बंकरातच गेले, तो म्हणाला,
उरलेले कुणाच्या नावावर?

मी तक्ता वरून खाली वाचला,
मग खालून वर.
तसा रकाना नव्हता.